जुनी मोटारसायकल मासिके आणि त्यांतील गाड्या : बेळगाव सीमाभागातील संग्राहकांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्यात जुन्या मोटारसायकली जपणारी माणसे पुष्कळ आहेत; त्या गाड्यांविषयी त्या काळी जे छापून आले ते जपणारी मात्र फार थोडी. गेली पंचवीस-एक वर्षे मी दोन्ही जमवत आलो आहे. भेटणारी मंडळी वारंवार जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे एकदा नीट लिहून ठेवावीत, म्हणून हा मजकूर. तो मुख्यतः कर्नाटकातील सीमाभागात राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे, कारण गाडीची कागदपत्रे, इथले पावसाळी हवामान आणि दुरुस्तीच्या सोयी या तिन्ही बाबतींत आपली परिस्थिती पुण्या-मुंबईच्या संग्राहकांपेक्षा वेगळी आहे.

गाडी असताना मासिक कशाला जमवायचे?

गाडी पन्नास वर्षांत दहा हातांतून जाते आणि प्रत्येक हात तिच्यात काही ना काही बदलतो. कुणी कार्ब्युरेटर बदलतो, कुणी टाकी, कुणी हँडल, आणि शेवटच्या मालकाला जे मिळते तेच तो मूळ समजतो. गाडी नवी असताना छापलेल्या अंकातील छायाचित्र, तपशिलाचा तक्ता आणि जाहिरात यांत असा बदल झालेला नसतो. मागच्या मडगार्डचा आकार, सायलेन्सरचे टोक, टाकीवरील पट्ट्यांची जाडी, स्पीडोमीटरची जागा यांवरून आपल्याकडे तासन्‌तास वाद चालतात. ते वाद मिटवण्याची सोय अशा एका पानात असते. म्हणून माझा सल्ला नेहमी एकच असतो, की आधी कागद घ्यावा आणि मग गाडी. ज्या गाडीवर आपले मन बसले आहे तिच्याविषयीचे चार-पाच अंक आधी मिळवून वाचले, तर ती पाहायला जाताना काय शोधायचे हे ठाऊक असते, आणि विकणाऱ्याच्या बोलण्यातील खरेखोटे तिथल्या तिथे कळते.

असे अंक सीमाभागात कुठून आले, आणि आज कुठे सापडतात?

बेळगावात एकोणिसाव्या शतकापासून लष्करी छावणी आहे आणि मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्रही इथेच आहे. त्यामुळे कॅम्प भागातील जुन्या बंगल्यांत इंग्रजी साप्ताहिके येत असत. माझ्याकडील सर्वांत जुन्या अंकांवर एका अधिकारी मेसच्या वाचनालयाचा जांभळा शिक्का आहे. दुसरा मार्ग मुंबईचा. खानापूर आणि चंदगडकडील अनेक घरांतील माणसे मुंबईत नोकरीला होती, आणि गोदीच्या परिसरात जहाजांवरून उतरलेली परदेशी मासिके पदपथावर स्वस्तात मिळत. सुट्टीला येताना त्यांतील काही ट्रंकेतून गावी पोहोचली. तिसरा मार्ग गोव्याचा. १९६१ पर्यंत गोव्यात पोर्तुगीज राजवट होती आणि आयातीचे नियम वेगळे होते, त्यामुळे घाटाखालून काही छापील मालही वर येत असे.

आज शोध घ्यायचा तर रद्दीवाल्यांशी ओळख ठेवणे सर्वांत फलदायी ठरते. गणपतीआधी आणि दिवाळीआधी घरे आवरली जातात, रंगकाम निघते आणि माळ्यावरचे गठ्ठे बाहेर येतात. त्या पंधरवड्यांत रोज एक चक्कर मारावी. रद्दीवाल्यांना गाडीचे चित्र असलेला कोणताही जुना कागद वेगळा ठेवायला सांगावे आणि ठेवल्याबद्दल रद्दीच्या भावापेक्षा चांगला मोबदला द्यावा. त्यात काटकसर केली तर पुढचा गठ्ठा आपल्यापर्यंत येणार नाही. जुन्या गॅरेजांचे पोटमाळे हे दुसरे ठिकाण. तिथे मासिके कमी आणि कंपनीची पार्ट-पुस्तके (सुट्या भागांच्या सचित्र याद्या) अधिक मिळतात, आणि माझ्या मते ती मासिकांइतकीच मोलाची असतात. बाहेर जायची तयारी असेल तर पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, मुंबईत फोर्ट भागातील पदपथावरचे पुस्तकविक्रेते आहेत आणि बेंगळुरूला अव्हेन्यू रोड आहे.

कोणत्या नियतकालिकांकडे लक्ष द्यावे?

ब्रिटनमधील दोन साप्ताहिके या छंदाचा पाया आहेत. ‘द मोटर सायकल’ हे १९०३ साली सुरू झाले आणि निळ्या मुखपृष्ठामुळे वाचकांत ‘निळे’ म्हणून ओळखले जाई. त्याचे प्रतिस्पर्धी ‘मोटर सायकलिंग’ हे ‘हिरवे’ होते. १९६७ मध्ये हिरवे निळ्यात विलीन झाले. दोन्हींमधील चाचणी-लेखांत प्रत्येक गिअरमधील कमाल वेग, ब्रेक लावल्यावर गाडी किती अंतरात थांबते आणि इंधनाचा खप हे सगळे मोजून दिलेले असे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील अंक कागदाच्या टंचाईमुळे पातळ आहेत, पण लष्करी गाड्यांच्या देखभालीवरील मजकुरासाठी ते जरूर घ्यावेत. १९५५ पासून निघणारे ‘मोटर सायकल न्यूज’ हे वर्तमानपत्राच्या कागदावरचे असल्याने त्याचे जुने अंक टिकले कमी. ‘क्लासिक बाइक’ १९७८ मध्ये सुरू झाले. त्यात जुन्या गाड्यांकडे मागे वळून पाहिलेले आहे, म्हणून समकालीन पुरावा म्हणून त्याचे वजन कमी आणि दुरुस्तीचा मार्गदर्शक म्हणून जास्त. अमेरिकेचे ‘सायकल वर्ल्ड’ १९६२ पासूनचे. जपानी गाड्यांचा अभ्यास करणाऱ्यांना त्यावाचून चालणार नाही.

भारतीय नियतकालिकांत चेन्नईचे ‘मोटर इंडिया’ १९५६ पासूनचे, मुख्यतः व्यापाराचे. ऐंशीच्या दशकात जपानी तंत्रज्ञानाच्या गाड्या आल्या आणि त्यांच्याबरोबर भारतीय मोटारविषयक पत्रकारितेलाही बहर आला. त्या काळातील ‘कार अँड बाइक इंटरनॅशनल’चे अंक आता फार शोधावे लागतात. पुढे १९९३ मध्ये ‘ऑटो इंडिया’, १९९८ मध्ये ‘ओव्हरड्राइव्ह’, १९९९ मध्ये ‘ऑटोकार इंडिया’ आणि २००५ मध्ये पुण्याहून ‘बाइक इंडिया’ निघाले. हे अंक अजून घरोघरी पडून आहेत आणि त्यांना फारशी किंमत नाही, म्हणून ते आताच घ्यावेत. वीस वर्षांनी ते मिळणार नाहीत.

मराठी वाचकांनी आणखी एक गोष्ट करावी. जुनी मराठी मासिके, दिवाळी अंक आणि स्थानिक दैनिके यांतील मोटारसायकलींच्या जाहिराती बाजूला काढून ठेवाव्यात. विक्रेत्याचा पत्ता, हप्त्यांची सोय, नोंदणीसाठी लागणारा काळ असा आपल्या भागाचा तपशील लंडनच्या साप्ताहिकात सापडणार नाही. बेळगावचे चाकाशी नाते तसे जुने आहे : लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलींचे दुकान काढले ते याच गावात.

ब्रिटिश अंकात दिसणारी बुलेट आणि आपली बुलेट एकच आहे का?

जवळजवळ एकच, पण वर्षांचा मेळ नीट समजून घ्यावा लागतो आणि नवे संग्राहक नेमके तिथे चुकतात. रॉयल एनफिल्डची बुलेट इंग्लंडमधील रेडिच येथे तयार होई आणि १९४९ पासून भारतात येऊ लागली. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सच्या भागीदारीत एनफिल्ड इंडिया स्थापन झाली. आधी सुटे भाग आणून जोडणी, मग यंत्रसामग्री आणून तिरुवोट्टियूरच्या कारखान्यात पूर्ण उत्पादन, असा तो प्रवास झाला. इंग्लंडमध्ये त्या गाडीत पुढे बदल होत राहिले आणि सत्तरच्या दशकाच्या तोंडावर मूळ कंपनीच बंद पडली. मद्रासमध्ये मात्र पंचावन्न सालच्या सुमाराची रचना कित्येक दशके चालू राहिली.

याचा व्यवहारातील अर्थ असा, की आपल्या दारात उभी असलेली १९७८ ची बुलेट समजून घ्यायची असेल तर १९७८ चा ब्रिटिश अंक उघडून उपयोग नाही; १९५५-५६ चा अंक उघडावा. सत्तर मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि नव्वद मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची धाव) असलेले ३४६ सीसीचे इंजिन, त्याच्या मागे वेगळा जोडलेला अल्बियन गिअरबॉक्स, उजव्या पायाला गिअर व डाव्या पायाला ब्रेक, न्यूट्रल शोधण्याचा वेगळा दांडा, हेडलाइट आणि मीटर एकत्र घेणारे पुढचे कवच हे सगळे तिथे भेटते. भारतात नंतर झालेले बदल मात्र त्या अंकात असणार नाहीत. त्यांसाठी एनफिल्ड इंडियाची त्या त्या वर्षाची पार्ट-पुस्तके हवीत. एका बाजूला ब्रिटिश अंक आणि दुसऱ्या बाजूला मद्रासचे पार्ट-पुस्तक ठेवून एकेक भाग ताडून पाहणे यात माझ्या कित्येक रात्री गेल्या आहेत, आणि गाडी चालवण्याइतकाच आनंद मला त्यात मिळाला आहे.

जुन्या अंकांतील आकडे आजच्या मापांत कसे वाचावेत?

ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा आणि अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा असतो. त्यामुळे ब्रिटिश अंकातील ८० मैल प्रति गॅलन म्हणजे साधारण २८ किलोमीटर प्रति लिटर, तर अमेरिकन अंकातील तोच आकडा साधारण ३४ किलोमीटर होतो. अमेरिकन चाचण्यांत येणारे पाव मैलाचे अंतर ४०२ मीटरचे असते.

जावा आणि येझदीसाठी काय जमवावे?

ही गाडी आपल्याच राज्यातली, म्हैसूरची, आणि सीमाभागात तिचे चाहते बुलेटच्या चाहत्यांहून कमी नाहीत. आयडियल जावा या कंपनीच्या म्हैसूरच्या कारखान्यातून १९६१ मध्ये जावा २५० बाहेर पडू लागली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला जावा हे नाव जाऊन येझदी हे नाव आले, १९७८ मध्ये रोडकिंग आली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. मूळ गाडी चेकोस्लोव्हाकियाची. १९२९ मध्ये स्थापन झालेल्या त्या कंपनीचे नाव यानेचेक आणि वांडरर या दोन नावांच्या आद्याक्षरांवरून पडले.

त्यामुळे जावाचा छापील इतिहास दोन देशांत विभागलेला आहे. प्राग येथून ‘स्वेत मोटोरू’ हे चेक भाषेतील नियतकालिक १९४७ पासून निघते. चेक येत नसले तरी काही अडत नाही, कारण कापून उघडलेल्या इंजिनाची चित्रे आणि तपशिलाचे तक्ते कोणत्याही भाषेत वाचता येतात. एका सिलिंडरला दोन एक्झॉस्ट आणि दोन सायलेन्सर का, किकचाच दांडा पुढे वळवला की गिअरचा दांडा कसा होतो, गिअर बदलताना क्लच आपोआप कसा सुटतो, हे त्या चित्रांतून जितके स्पष्ट होते तितके शब्दांतून होत नाही. भारतीय बाजूने कंपनीची मालक-पुस्तिका, सर्व्हिसची कुपने, विक्रेत्याची पावती आणि दैनिकांतील जाहिराती गोळा कराव्यात. मालक-पुस्तिका तर अवश्य मिळवावी, कारण पेट्रोलमध्ये ऑइल किती मिसळायचे, पॉइंटची फट किती ठेवायची, चेन किती सैल हवी हे कंपनीच्याच शब्दांत तिच्यात असते.

या गाडीच्या बाबतीत फसवणूकही जास्त होते. येझदीला जावाची टाकी आणि गुडघ्याचे रबर बसवून, मरून रंग देऊन, ती साठच्या दशकातील जावा म्हणून विकली जाते. दिवाणखान्यात उभी करायची असेल तर कदाचित चालेल, पण जावाच्या भावात येझदी घेणाऱ्याचे नुकसान होते आणि एका चांगल्या येझदीचे मूळ रूपही नष्ट होते, याचे मला जास्त वाईट वाटते. इंजिन आणि चेसिसचे क्रमांक आर.सी. पुस्तकाशी ताडून पाहावेत, क्रमांकाच्या जागी घासल्याच्या किंवा पुन्हा ठोकल्याच्या खुणा आहेत का हे उजेडात पाहावे, आणि त्या वर्षाच्या जाहिरातीचे छायाचित्र खिशात ठेवूनच गाडी पाहायला जावे.

राजदूत, आरडी ३५० आणि आरएक्स १०० यांना संग्रहात स्थान द्यावे का?

निश्चित द्यावे. राजदूत १७५ ची रचना पोलंडच्या एसएचएल एम११ या गाडीवरून घेतलेली होती आणि आपल्याकडे दुधाच्या कॅनपासून तंबाखूच्या बोदापर्यंत सर्व काही तिच्यावर लादले गेले. तिच्याविषयी कौतुकाने लिहिणारे कमी असल्याने तिचा छापील पुरावा विरळ आहे, आणि म्हणूनच मिळेल तो घ्यावा. एस्कॉर्ट्सने यामाहाच्या सहकार्याने काढलेली राजदूत ३५०, म्हणजेच लोकांच्या तोंडची आरडी ३५०, ही १९८३ पासूनची. दोन सिलिंडर, सहा गिअर, आणि ३०.५ व २७ अश्वशक्तीच्या दोन आवृत्त्या, ज्यांना लोक एचटी (हाय टॉर्क) आणि एलटी (लो टॉर्क) म्हणतात. तिच्या मूळ जपानी गाडीची चाचणी परदेशी अंकांत वाचताना लक्षात ठेवावे, की तिकडे पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक होता आणि आपल्याकडे ड्रम दिला गेला. म्हणून त्या अंकांतील ब्रेकचे आकडे आपल्या गाडीला लावू नयेत. यामाहाची आरएक्स १०० ही १९८५ ते १९९६ या काळातील. तिच्याविषयी भारतीय मासिकांत विपुल लिहिले गेले आहे. सुटे भाग घालून नवी केलेली आणि मूळ अवस्थेतील यांत आज किमतीचा मोठा फरक पडत असल्याने त्या मासिकांतील जवळून घेतलेली छायाचित्रे फार उपयोगी पडतात.

पूर्ण मालिका जमवावी की निवडक अंक?

आपल्या गाड्यांशी संबंधित तेवढेच घ्यावेत. साप्ताहिकाचे वर्षाला बावन्न अंक होतात, आणि पूर्ण मालिकेच्या मागे लागलेल्या माणसाकडे काही वर्षांनी वाचायला वेळ उरत नाही व ठेवायला जागाही राहत नाही.

अंक मूळ आहे की पुनर्मुद्रण, हे कसे ओळखावे?

जुन्या गाड्यांवरील चाचणी-लेखांची पुनर्मुद्रणे आणि झेरॉक्स प्रती मोठ्या प्रमाणावर फिरतात. माहितीसाठी त्या पुरेशा आहेत, फक्त मूळ अंकाची किंमत त्यांना देऊ नये. भिंगातून पाहिले तर पुनर्मुद्रणातील छायाचित्रे दुहेरी ठिपक्यांमुळे गढूळ दिसतात. मूळ अंकाच्या पिनांना गंज असतो आणि त्या गंजाचा डाग आतल्या पानांवर उतरलेला असतो. कडा पिवळट आणि पानाचा मध्य तुलनेने उजळ असतो. संपूर्ण पान एकसारखे चहाच्या रंगाचे असेल तर संशय घ्यावा. मधली पाने आहेत का हे मोजून पाहावे, कारण रंगीत मधले पान भिंतीवर लावण्यासाठी हमखास काढलेले असते. बांधीव खंड घेताना आणखी एक काळजी घ्यावी. बाईंडर पुष्कळदा मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकत, आणि संग्राहकाला हवी असते ती जाहिरातच.

आपल्याकडील पावसाळ्यात कागद कसा सांभाळावा?

बेळगाव-खानापूर पट्ट्यात जून ते सप्टेंबर हवा ओलीच असते, आणि जांबोटी-कणकुंबीकडे तर भिंतींनाही पाझर फुटतो. कागदाला साधारण ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते; आपल्याकडे पावसाळ्यात ती त्याच्या बरीच वर जाते. म्हणून अंक बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नयेत, जमिनीपासून किमान हातभर उंच ठेवावेत, आणि लोखंडी कपाटाला आतून वायुवीजनाची भोके असावीत. प्रत्येक अंकासाठी पॉलिप्रॉपिलीनची पिशवी वापरावी. मऊ, वास येणारी पीव्हीसीची पिशवी शाई ओढून घेते. सिलिका जेलच्या पुड्या पावसाळ्याआधी उन्हात किंवा ओव्हनमध्ये वाळवून घ्याव्यात. कसर लागू नये म्हणून आपल्या आज्या वेखंड आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवत. तो कापडाच्या पुरचुंडीत बांधून कपाटात ठेवावा, पानांत घालू नये, कारण त्याचा डाग पडतो. गंजलेल्या पिना हळूच सरळ करून काढाव्यात आणि त्यांच्या जागी सुती दोऱ्याचा टाका घालावा. सेलोटेप आणि लॅमिनेशन यांचा मोह कधीही होऊ देऊ नये. टेपचा डिंक काही वर्षांत तपकिरी होऊन पानाच्या पलीकडे उतरतो, आणि लॅमिनेशन केलेला कागद परत सोडवता येत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमधील पुराने मला जे शिकवले ते इथे सांगितले पाहिजे. घरी जागा नाही म्हणून मी दोन ट्रंका वेदगंगेकाठच्या एका गावी मावशीकडे ठेवल्या होत्या. पाणी घरात शिरले तेव्हा मावशीला माणसे आणि जनावरे बाहेर काढायची होती, ट्रंकांचा विचार करण्याची ती वेळच नव्हती. पाणी ओसरल्यावर मी ट्रंका उघडल्या, अंक उन्हात पसरले, आणि तिथेच चूक केली. साध्या कागदाचे अंक वाकडेतिकडे झाले तरी वाचले; गुळगुळीत आर्ट पेपरचे अंक मात्र वाळताना विटेसारखे घट्ट चिकटले आणि पुन्हा उघडले नाहीत. नंतर कळले, की असा भिजलेला अंक वाळू न देता प्लास्टिकमध्ये गुंडाळून डीप फ्रीजरमध्ये ठेवायचा असतो, आणि मग सवडीने एकेक बाहेर काढून, ओला असतानाच पानांमध्ये मेणकागद घालत सुटा करायचा असतो. मावशीने पुढे कितीदा तरी हळहळ व्यक्त केली. खरे तर हळहळ मलाच वाटायला हवी होती, कारण नदीकाठी कागद ठेवण्याचा निर्णय माझा होता.

अंक स्कॅन करून इतरांना द्यावेत का?

स्कॅन जरूर करावा. मजकुरासाठी ३०० आणि छायाचित्रांसाठी ६०० डीपीआय पुरेसे होते. जाड अंक काचेवर दाबू नये, पाठ मोडते. सोप्यात, सावलीच्या उजेडात, मोबाइल सरळ धरून काढलेले छायाचित्रही चालते. वैयक्तिक अभ्यासासाठी प्रत काढायला आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा वाव देतो. संपूर्ण अंक जाहीरपणे वाटणे किंवा विकणे ही वेगळी गोष्ट आहे आणि ती टाळावी.

कोल्हापूर, सांगली किंवा गोव्यातून गाडी आणताना कोणती कागदपत्रे पाहावीत?

निपाणीच्या माणसाला कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ आहे, त्यामुळे एमएच-०९ क्रमांकाची जुनी गाडी केए-२३ च्या हद्दीत येणे ही आपल्याकडील रोजची गोष्ट आहे. अशा गाडीसाठी मूळ कार्यालयाकडून नमुना २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते. हस्तांतरणासाठी नमुना २९ आणि ३० वर जुन्या मालकाची सही हवी. आणि गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवायची तर तिथला नवा क्रमांक घेऊन कर भरावा लागतो. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करायचे असते. ते वर्षानुवर्षे राहून गेलेले असेल, तर ती थकबाकी कोण भरणार हे पैसे देण्याआधी लेखी ठरवावे. एकदा मी केवळ तोंडी शब्दावर गाडी आणली, जुन्या मालकाचे निधन झाले, आणि त्यांच्या वारसांच्या सह्या मिळवण्यात माझी दोन वर्षे गेली.

आपल्या भागातील जुनी आर.सी. पुस्तके हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. हा प्रदेश ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, १ नोव्हेंबर १९५६ पासून म्हैसूर राज्यात गेला, आणि १ नोव्हेंबर १९७३ ला त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. १ जुलै १९८९ पासून नव्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे केए-२२ सारखे क्रमांक आले. म्हणून एकाच पुस्तकात वेगवेगळ्या काळांचे शिक्के दिसले तर ते बनावट समजू नये. उलट त्यांचा क्रम या तारखांशी जुळतो का ते पाहावे. बनावट पुस्तक करणारे बहुधा इथेच चुकतात. असे पुस्तक जीर्ण झाले तरी टाकू नये, आणि जुना क्रमांक बदलण्याची सक्ती नसेल तर बदलू नये.

विंटेज नोंदणी म्हणजे काय, आणि ती करावी का?

केंद्र सरकारने १५ जुलै २०२१ रोजी अधिसूचित केलेल्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ झालेली आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली दुचाकी वा चारचाकी विंटेज म्हणून नोंदवता येते. अर्ज परिवहन पोर्टलवरून करायचा असतो. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, पुनर्नोंदणीचे पाच हजार रुपये, आणि मुदत दहा वर्षांची. आधी नोंदलेल्या गाडीला मूळ क्रमांक राखता येतो. नव्याने क्रमांक घेतल्यास राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येते. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, विंटेज रॅली, इंधन भरणे आणि देखभाल यांपुरतीच ती चालवता येते. ज्यांना रविवारी सकाळी चोर्ल्याच्या घाटात जावा घेऊन जायचे आहे, त्यांनी नेहमीची नोंदणीच नूतनीकृत ठेवावी, असे माझे मत आहे. विंटेज नोंदणी करणाऱ्यांनी गाडीच्या मूळ रूपाचा पुरावा म्हणून समकालीन मासिकांच्या प्रती जवळ ठेवाव्यात, कारण तपासणी करणाऱ्या समितीसमोर तोंडी वर्णनापेक्षा छापील छायाचित्राला वजन असते.

सुटे भाग आणि दुरुस्ती इथे होते का?

बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्री आणि मशीन शॉप आहेत, कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे ओतकाम आणि लेथकाम यांसाठी आपल्याला लांब जावे लागत नाही. तुटलेले फूटरेस्ट, ड्रमचे कव्हर, सायलेन्सरचा क्लॅम्प असे भाग नमुन्यावरून बनवून मिळतात. सिलिंडरला नवी स्लीव्ह घालताना किंवा टू-स्ट्रोकचा क्रँक उघडून पुन्हा दाबताना मासिकातील तपशिलाचा तक्ता किंवा कंपनीची पुस्तिका सोबत न्यावी. जावाचा बोअर ६५ आणि स्ट्रोक ७५ मिलिमीटर, एवढे मूळ माप कागदावर समोर असले की पुढचे बोलणे सोपे होते. आपल्याकडील अनेक उत्तम मिस्त्री कानडी बोलणारे आहेत, काही दोन्ही भाषा एकाच वाक्यात वापरतात, आणि चित्र समोर ठेवले की भाषेची अडचण तशीही राहत नाही.

रंग मूळ ठेवावा की नवा द्यावा?

मूळ रंग थोडाही शिल्लक असेल तर तो राखावा. टाकीखालचा किंवा हेडलाइटच्या कवचाआतला भाग उन्हापासून वाचलेला असतो. खरी छटा तिथे सापडते. जुन्या अंकांतील रंगीत छायाचित्रावरून मात्र छटा ठरवू नये, कारण त्या काळच्या छपाईत मरून रंग पुष्कळदा तपकिरी उतरत असे. पट्ट्यांची जागा आणि जाडी यांसाठी छायाचित्र घ्यावे, छटेसाठी पत्रा पाहावा.

जुन्या मिस्त्रींकडील माहिती कशी नोंदवावी?

साठ-सत्तरच्या दशकांत शिकाऊ म्हणून लागलेले मिस्त्री आता सत्तर-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्याकडे जाताना जुना अंक घेऊन जावा, पान उघडून समोर ठेवावे आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रण करण्याची परवानगी विचारावी. चित्र पाहिल्यावर त्यांना जे आठवते ते नुसत्या प्रश्नांनी आठवत नाही. शहापुरातील एका काकांनी जावाच्या जाहिरातीतील एका नटावर बोट ठेवून, तो नट पहिल्या खेपेस कोणत्या आकाराचा येई आणि पुढे का बदलला, हे मला अर्धा तास समजावले. ती माहिती माझ्याकडील कोणत्याही अंकात नाही. नोंदीवर तारीख, गाव, गाडीचे वर्ष आणि ज्या पानावरून बोलणे सुरू झाले त्याचा क्रमांक लिहून, तो कागद त्या अंकाच्याच पिशवीत ठेवावा.